जुन्या गाडीचा दम आणि कारागिराचे इमान

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना भेटतात. मालेगाव-धुळ्याकडून उतरणारा, कसारा घाट चढून आलेला आणि सिन्नर-संगमनेरमार्गे पुण्याला निघालेला, अशा प्रत्येक वाहनचालकाला हा चौक ठाऊक आहे. उड्डाणपूल झाल्यापासून बरीच वाहतूक वरच्या वर निघून जाते; पण बिघडलेल्या गाडीला खाली उतरावेच लागते. द्वारका, वडाळा नाका, सारडा सर्कल, भद्रकाली या पट्ट्यात फिटर, पंप-नोझलवाले, वेल्डर, रेडिएटरवाले, कुशनवाले आणि सुतार यांची दुकाने आहेत. या कामांत आपल्या समाजाचे हात मोठ्या संख्येने आहेत. म्हणून आज एका लहान वाटणाऱ्या प्रश्नावर आम्ही कारागीर बांधवांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलू इच्छितो.

प्रश्न असा की, जुन्या गाडीत ताकद वाढवून द्या असे गिऱ्हाईक म्हणाले, तर आपण काय करावे?

अलीकडे एक नवे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जपून ठेवलेली मॅटाडोर घ्यायची, आत झोपायची फळी, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि कुटुंबासह फिरायला निघायचे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या हौसेला थोडे बळ मिळाले आहे. नवी गाडी सर्वांना परवडत नाही, म्हणून वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या या कामासाठी घेतल्या जातात. आणि पहिल्याच घाटात मालकाला कळते की गाडीत दम नाही.

"थोडा पंप वाढवा"

द्वारकेजवळच्या एका गॅरेजवर आम्ही बसलो असताना असाच एक प्रसंग घडला. पंचवटीकडचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आपली ट्रॅव्हलर घेऊन आले. म्हणाले, "उस्ताद, कसारा चढताना दुसऱ्या गिअरमध्ये रडते. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव नकोसा करतात. थोडा पंप वाढवून द्या."

उस्ताद वयाने साठीच्या पुढचे. त्यांनी पाना उचलला नाही. आपल्या शागिर्दाला गाडीत बसवून एक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगितले आणि स्वतः पंपाच्या लिव्हरकडे पाहिले. पाय तळाला टेकला होता, पण लिव्हर शेवटच्या स्टॉपपर्यंत पोहोचतच नव्हता. दांडीचे सांधे झिजले होते. ते म्हणाले, "काका, कंपनीने दिलेलं डिझेल अजून पूर्ण मिळतच नाही गाडीला. वाढवायचं काय त्यात? आधी जे हरवलंय ते शोधू."

त्या एका वाक्यात या धंद्याची निम्मी विद्या आहे असे आम्हाला वाटते.

इंजिन कोणते, ते आधी ओळखा

पुण्याच्या आकुर्डीतील बजाज टेम्पो कंपनीने (२००५ पासून तिचे नाव फोर्स मोटर्स) १९८० च्या दशकात जर्मनीच्या मर्सिडीजकडून २.४ लिटरच्या चार सिलिंडर डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. १९८७ साली आलेली ट्रॅव्हलर ही मुळात मर्सिडीजच्याच व्हॅनच्या आराखड्यावर बांधलेली आहे. जर्मनीत २०७ डी या नावाने १९७७ पासून विकली गेलेली व्हॅन तिची थोरली बहीण. त्या २०७ डी गाड्यांच्या घरगाड्या करून युरोपातील लोकांनी खंड पालथे घातले. त्यांचीही तक्रार हीच होती, की चढावर गाडी हळू चालते.

आणि ते स्वाभाविक आहे. २०७ डी मध्ये हे २.४ लिटरचे इंजिन सुरुवातीला ६५ अश्वशक्तीचे होते, पुढे ७२ चे झाले. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. हे इंजिन धावण्यासाठी बनवलेले नाही, टिकण्यासाठी बनवलेले आहे. गिऱ्हाईकाला हे पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. आजच्या नव्या गाडीशी तुलना करून तो आला असेल, तर त्याची समजूत घालणे हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाला जेवढी हवा मिळते तेवढेच डिझेल ते नीट जाळू शकते. म्हणजे मुंबईत मिळणाऱ्या ताकदीतला थोडा भाग घाट चढल्यावर आपोआप कमी होतो. उन्हाळ्यातील तापलेली हवा आणखी थोडी ताकद घेते. यात कोणाचाच दोष नाही.

हरवलेली ताकद कुठे शोधावी

आमचे म्हणणे असे की, जुन्या गाडीला नवी ताकद देण्याआधी तिची स्वतःची ताकद तिला परत मिळवून द्यावी. दहा-पंधरा एचपी कुठे कुठे सांडलेले असतात, आणि ते शोधण्याचा एक क्रम आहे. स्वस्त काम आधी, महाग काम नंतर.

प्रथम एक्सिलरेटरची दांडी किंवा केबल, जी उस्तादांनी पाहिली. याला पैसा लागत नाही, डोळा लागतो.

दुसरे हवा. एअर फिल्टर तुंबलेला, हवेचा पाइप आतून सोललेला, किंवा घरगाडी करताना सुताराने हवेच्या वाटेवरच कपाट उभे केलेले. बंद केबिनमधील गरम हवा इंजिनाला पाजली तर ते दमणारच. सायलेन्सर आतून कोसळला आहे का, हेही याच वेळी पाहावे. आत हवा जायला जशी वाट हवी, तशी धूर बाहेर यायलाही हवी.

तिसरे डिझेलचा प्रवाह. टाकीतील जाळी, दोन्ही फिल्टर, पाइपांच्या जोडातून आत शिरणारी हवा. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गाळ आणि पाणी हमखास सापडते.

चौथे ब्रेक आणि क्लच. चाक उचलून हाताने फिरवून पाहा. चिकटलेला ब्रेक इंजिनाची ताकद रात्रंदिवस खातो आणि मालक मात्र पंपाला दोष देतो. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडते, गाडी पुढे सरकत नाही. टायरही पाहा. रुबाबासाठी मोठ्या घेराचे टायर बसवले असतील, तर घेर जितके टक्के वाढला तितके टक्के चाकावरची ओढ कमी झाली.

पाचवे टॅपेट. या इंजिनात थंड असताना इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट ठेवायची असते. गाडीच्या पुस्तकाशी ताडून, फिलर गेजने मोजूनच ठेवावी. व्हॉल्व्ह घट्ट झाला तर बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि व्हॉल्व्ह जळतो. कानाने टॅपेट लावणारे जुने मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या कानाला आमचा सलाम. पण गेजला कानापेक्षा अधिक मान आहे.

सहावे नोझल. या जातीच्या इंजिनात नोझल सुमारे ११५ ते १२५ बार दाबाला उघडावेत आणि बारीक फवारा मारावा. थेंब गळू लागला तर धूर वाढतो, आवाज वाढतो, ताकद घटते. नोझल तपासण्याचे हातयंत्र फार मोठे नसते. आणि आपल्या शहराचे भाग्य असे की, नोझल बनवणारा मायकोचा (आताच्या बॉशचा) कारखाना सातपुरातच आहे. त्या शहरातील मेकॅनिकने बनावट डबीतले नोझल बसवावेत याहून लाजिरवाणी गोष्ट नाही. अस्सल माल घ्यावा, बिल घ्यावे, आणि जुने नोझल गिऱ्हाईकाच्या हातात द्यावेत.

सातवे टायमिंग. पंपाची डिलिव्हरी पिस्टन वर येण्याआधी २४ अंशांवर सुरू झाली पाहिजे. लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनात टायमिंगची साखळी ताणली जाते. साखळी ताणली की कॅम आणि पंप दोन्ही मागे पडतात, आणि गाडी आळशी होते. पुष्कळदा मालक ज्याला "इंजिन म्हातारं झालं" म्हणतो, तो केवळ या काही अंशांचा फरक असतो.

शेवटी कॉम्प्रेशन. गरम इंजिनावर बावीस ते चोवीस बार असेल तर उत्तम, पंधराच्या खाली असेल तर इंजिन खोलण्याची वेळ आली. सिलिंडर-सिलिंडरमध्ये तीन बारपेक्षा अधिक फरक नसावा. इथे कॉम्प्रेशन गेलेले दिसले, तर वरची सगळी कामे करून गिऱ्हाईकाचे पैसे घेण्यात अर्थ नाही. म्हणून मोठे बिल होईल असे वाटले, तर ही चाचणी आधीच करून टाकावी. हा प्रामाणिकपणा आहे आणि शहाणपणही.

त्या काकांच्या गाडीत दांडी, एअर फिल्टर, दोन गळके नोझल आणि मागच्या एका चाकाचा चिकटलेला ब्रेक एवढेच निघाले. पंप उघडलासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. कसारा आता तिसऱ्यात चढते म्हणाले. चौथ्यात चढेल असे वचन उस्तादांनी दिलेच नव्हते.

वजनाचा हिशेब सुतारानेही करावा

घरगाडीची ताकद निम्मी सुताराच्या हातात असते, हे आमच्या सुतार आणि वेल्डर बांधवांनी ध्यानात घ्यावे. अठरा मिलिमीटर जाडीचा आठ-बाय-चारचा एक प्लाय तीस किलोच्या वर जातो. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो. त्यात लोखंडी अँगलचा पलंग, दोन मोठ्या बॅटऱ्या, गॅसची टाकी, छपरावर कॅरिअर. तीनशे किलो कधी वाढले ते कळतही नाही.

साधा हिशेब मांडू. शंभर फुटांना आठ फूट असा चढ आणि ताशी ३६ किलोमीटरचा वेग धरला, तर ते तीनशे किलो वर ओढायला सुमारे साडेतीन अश्वशक्ती लागते. पंपाचा स्क्रू पिळून जेवढे मिळवायचे, त्यातले बरेचसे अशा ठिकाणी फुकट मिळते. जाड प्लायऐवजी पातळ प्लाय आणि ॲल्युमिनियमची चौकट वापरावी. टाकी मोठी बसवली तरी घाट चढण्याआधी अर्धीच भरावी, वर जाऊन भरावी. चढावर एसी बंद ठेवावा. गिऱ्हाईकाला लिहून द्यावे की आपण गाडीत किती किलो वाढवले. हे लिहून देणारा सुतार आम्हाला अजून भेटलेला नाही. भेटला, तर त्याच्याकडे कामाची कमतरता राहणार नाही.

स्क्रू पिळणे आणि टर्बो

आता मूळ मागणीकडे येऊ. पंपाचे डिझेल वाढवले की गाडी पळते का? थोडी पळते. मागून काळा धूर निघतो आणि मालकाला वाटते, काम झाले. पण हवा तेवढीच राहिली आणि डिझेल वाढले, तर जादा डिझेल अर्धवट जळते. काळा धूर म्हणजे पैसे देऊन भरलेले आणि न जळलेले डिझेल. सपाट रस्त्यावर हे खपून जाते. लांब घाटात मात्र इंजिनातली उष्णता चढत जाते. मग हेडला तडा, गॅस्केट उडणे, पिस्टन जळणे ही पुढची पायरी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी असा पंप "वाढवल्यावर" दुसऱ्याच सहलीत घाटात बसली. लहान मुले सोबत, रात्रीची वेळ. गॅरेजचे नाव घेण्याचे कारण नाही. पण त्या गॅरेजने वाचवलेले दोन तास त्या कुटुंबाला फार महाग पडले.

मग टर्बो लावावा काय? टर्बो हवाच जास्त देतो, त्यामुळे तो मार्ग शास्त्रशुद्ध आहे. पण स्वतः मर्सिडीजने काय केले ते पाहा. १९७८ साली त्यांनी याच घराण्यातील पाच सिलिंडरच्या तीन लिटर इंजिनावर टर्बो बसवला आणि ८० ची अश्वशक्ती ११५ केली. मात्र त्यासाठी पिस्टनवर खालून तेलाचा फवारा मारण्याची सोय केली, क्रँक अधिक मजबूत केला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले घातले. ज्यांनी इंजिन बनवले त्यांना एवढे करावे लागले. भंगारातून आणलेला टर्बो साध्या पिस्टनच्या इंजिनावर वेल्डिंग करून बसवणाऱ्याने मनाशी विचार करावा, की आपण त्यांच्याहून मोठे कारागीर आहोत काय?

कायद्याची बाजू

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीपुस्तकातील तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. इंजिन बदलायचे असेल तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी, मग पाना. प्रवासी गाडीची घरगाडी करण्यासाठीही नोंदणीतला बदल रीतसर करून घ्यावा लागतो. नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी बोट ठेवते आणि मालक आपल्याकडे बोट दाखवतो.

धुराचेही तसेच. या जुन्या डिझेल गाड्यांसाठी पी.यू.सी.ची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, म्हणजे २.४५ अशी आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, तेही पाच-पाच वर्षांसाठी. स्क्रू पिळलेली गाडी तिथे धूर ओकते आणि अडते. हरवलेली ताकद परत मिळवलेली गाडी मात्र ताकदीत आणि धुरात, दोन्हीकडे पास होते. तिला कुठलीही परवानगी लागत नाही, कारण तिच्यात आपण काही बदललेलेच नसते.

"आम्ही नाही दिले तर शेजारचा देईल"

कारागीर बांधव यावर जे उत्तर देतात ते आम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईकच मागते. तपासायला दोन दिवस लागतात, त्याचे पैसे कोणी देत नाही. स्क्रू पिळायला दहा मिनिटे लागतात आणि गिऱ्हाईक हसत जाते. आम्ही नाही म्हटले तर शेजारचा देतो. दुकानाचे भाडे, मुलांच्या फिया, शागिर्दाचा पगार, हे सगळे रोजच्या कमाईवर चालते.

ही अडचण खोटी नाही. पण तिचा इलाज आपल्याच हातात आहे. तपासणीचे पैसे वेगळे लावा. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो, तर मेकॅनिकने कॉम्प्रेशन पाहण्याचे का घेऊ नयेत? आपणच तपासणी फुकट दिली, म्हणून गिऱ्हाईकाने तिची किंमत शून्य धरली.

दुसरे, काम मोजून दाखवा. डायनोची गरज नाही. गर्दी नसलेला एक सपाट रस्ता ठरवा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून ६० किलोमीटरवर जायला किती सेकंद लागतात, ते जाताना आणि येताना घड्याळाने मोजा. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे बिलावर लिहा. गिऱ्हाईकाला धूर दाखवण्याऐवजी आकडा दाखवला, तर तो दहा जणांना सांगेल.

तिसरे, हत्यारे वाटून घ्या. कॉम्प्रेशन गेज, नोझल टेस्टर, धूर मोजण्याचे यंत्र ही प्रत्येकाने घ्यावीत अशी आवश्यकता नाही. चार दुकानांनी मिळून घेतली तरी चालतील. आज एका रांगेतील चार दुकाने एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्यात जेवढी शक्ती घालवतात, तिच्या निम्म्यात हे होईल.

चौथे, उस्तादांची विद्या वहीत उतरवा. मेकॅनिकल पंपाची ही इंजिने आता नव्याने फारशी येत नाहीत. शागिर्द मुले स्कॅनर लावून नव्या गाड्या पाहायला शिकत आहेत, ते चांगलेच आहे. पण जुनी गाडी हौसेने ठेवणारा माणूस स्कॅनरवाल्याकडे जाणार नाही. तो दूरवरून अशा हाताच्या शोधात येईल, ज्याला साखळीचा ताण आणि नोझलचा आवाज कळतो. अशी माणसे द्वारकेला अजून आहेत. दहा वर्षांनी असतील का, हे आजच्या शागिर्दांवर अवलंबून आहे.

गिऱ्हाईक आपली गाडी रात्रभर आपल्या दुकानात सोडून जाते, ती अमानत असते. त्याला पंपातले काही कळत नाही, आणि नेमके तिथेच कारागिराचे इमान कसाला लागते. तराजूत मारणाऱ्या दुकानदाराला आपण नावे ठेवतो. ताकदीच्या नावाखाली धूर विकणाऱ्याचा तराजू तरी कुठे सरळ आहे?

महामार्गावर उभ्या असलेल्या आपल्या दुकानांची खरी पुंजी म्हणजे वाटसरूचा विश्वास. एकदा "द्वारकेला गाडी देऊ नका" असे मुंबई-पुण्याकडे बोलले जाऊ लागले, तर त्याची शिक्षा प्रामाणिक उस्तादालाही भोगावी लागेल. म्हणून पुढच्या वेळी "थोडा पंप वाढवा" म्हणत कोणी आला, तर त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि शागिर्दाला एक्सिलरेटर दाबायला सांगून आधी पंपाचा लिव्हर पाहा.